देवगिरीच्या किल्ल्या कुणाकुणाच्या हाती गेल्या

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे निघालेला रस्ता दौलताबादला, म्हणजे जुन्या देवगिरीला, बाहेरच्या तटाच्या वेशीतूनच जातो. सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्यांची रांग लागते, आणि खोळंबलेल्या बहुतेकांना आपण किल्ल्याच्या आत उभे आहोत याचा पत्ता नसतो. त्यांच्या लेखी किल्ला म्हणजे समोरचा डोंगर. तो आहेच तसा लक्ष वेधणारा: मोकळ्या मैदानात एकटाच उभा, शंकूच्या आकाराचा, सुमारे दोनशे मीटर उंच. त्याचा खालचा भाग चहूबाजूंनी तासून सरळ भिंतीसारखा केलेला, पायथ्याशी कातळात खोदलेला खंदक, आणि वर जायला एकच वाट. तीही डोंगराच्या पोटातल्या काळोख्या भुयारातून जाणारी, जिला ‘अंधारी’ म्हणतात.

हा डोंगर शिडी लावून चढता येत नाही, सुरुंग लावून उडवता येत नाही. तरीही यादवांपासून हैदराबादच्या निजामापर्यंत त्याचे मालक इतक्यांदा बदलले की मोजताना गोंधळ व्हावा. ते बदलले कसे, हे पाहू लागलो की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. बालेकिल्ल्यावर चढून तो कुणी घेतला नाही. धान्य संपले, किल्लेदार मेला, सरदार फिरले, तह झाला, आणि किल्ल्या दुसऱ्याच्या हातात गेल्या.

यादवांची जुनी राजधानी सिन्नर. पाचवा भिल्लम कल्याणीच्या चालुक्यांचे जोखड झुगारून स्वतंत्र झाला आणि बाराव्या शतकाच्या अखेरीस, साधारण ११८७ च्या सुमारास, देवगिरी राजधानी झाली. पुढची शंभर वर्षे हे दख्खनमधले सर्वांत श्रीमंत दरबारांपैकी एक होते. सिंघणाच्या काळात राज्य दक्षिणेकडे दूरवर पसरले. महादेव आणि रामचंद्र यांच्या काळात हेमाद्री पंडित, म्हणजे आपला हेमाडपंत, इथे श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दफ्तराचा प्रमुख, होता. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशात ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तेव्हा ज्ञानेश्वरांनी शेवटी ज्याचा गौरवाने उल्लेख केला तो हाच रामचंद्र, लोकांच्या तोंडचा रामदेवराव. राज्य भरात होते, पण विंध्यापलीकडे काय चालले आहे याकडे दरबाराचे लक्ष नव्हते.

ते किती नव्हते, हे १२९६ मध्ये कळले. अलाउद्दीन खिलजी तेव्हा सुलतान नव्हता. तो दिल्लीच्या जलालुद्दीनचा पुतण्या, जावई आणि कडा प्रांताचा सुभेदार होता. चुलत्याला पत्ता लागू न देता काही हजार स्वार घेऊन तो एलिचपूरमार्गे, म्हणजे आजच्या अचलपूरवरून, थेट देवगिरीवर आला. रामदेवाचा मुलगा शंकरदेव मुख्य फौज घेऊन बाहेर होता. राजा घाईने डोंगरावर गेला. मागून दिल्लीची मोठी फौज येते आहे, अशी आवई अलाउद्दीनने उठवून दिली होती. धान्याची म्हणून गडावर नेलेली पोती उघडल्यावर मिठाची निघाली, ही गोष्ट फरिश्ता या नंतरच्या इतिहासकाराने सांगितली आहे. तिच्यात दंतकथेचा भाग किती ते असो. पण वेढ्यासाठी गडावर शिधा नव्हता हे नक्की. शंकरदेव परतला, लढला आणि हरला. प्रचंड खंडणी आणि एलिचपूरचा वसूल कबूल करून रामदेवाने सुटका करून घेतली.

त्या खंडणीचे पुढे काय झाले, तेही इथे सांगायला हवे. कड्याला परतल्यावर अलाउद्दीनने चुलत्याचा खून केला आणि दिल्लीकडे कूच केले. वाटेत मुक्कामाच्या ठिकाणी गर्दीवर सोन्याची उधळण केली जात होती, असे दिल्लीचा इतिहासकार बरनी लिहितो. दिल्लीचे तख्त देवगिरीच्या पैशावर विकत घेतले गेले, असे म्हणायला हरकत नाही.

खंडणी थांबली तेव्हा अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर आला. रामदेवाला दिल्लीला नेले, ‘रायरायान’ हा किताब देऊन परत पाठवले. त्यानंतर तो एकनिष्ठ राहिला; इतका, की वरंगळ आणि द्वारसमुद्रावर निघालेल्या काफूरच्या फौजांना देवगिरीनेच रसद पुरवली. शंकरदेवाने हे मान्य केले नाही, तो मारला गेला. रामदेवाचा जावई हरपाळदेव उठला, त्यालाही १३१८ च्या सुमारास अलाउद्दीनचा मुलगा सुलतान कुतबुद्दीन मुबारकशहाने हाल करून मारले. यादवांचे राज्य तिथे संपले. किल्ल्याखालच्या शहरातली जामा मशीद याच मुबारकशहाच्या काळची. तिचे खांब आधीच्या देवळांतले आहेत आणि ते ओळखायला तज्ज्ञ लागत नाही.

पुढचा अध्याय सर्वांना तोंडपाठ आहे आणि म्हणूनच बराचसा चुकीचा माहीत आहे. ‘तुघलकी कारभार’ हा शब्दप्रयोग आपण महानगरपालिकेपासून शाळेच्या वेळापत्रकापर्यंत कुठेही वापरतो. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये देवगिरीला दौलताबाद नाव देऊन राजधानी केले, त्यामागे हिशेब होता. दिल्लीहून दख्खन सांभाळता येत नव्हती, आणि हे ठिकाण साम्राज्याच्या मध्याजवळ पडत होते. हलवले गेले ते प्रामुख्याने दरबारी, उलेमा, सूफी, सैनिक आणि त्यांचा परिवार. दिल्ली ओस पडून तिथे कुत्रे-मांजर उरले नाही, ही नंतरच्या लेखकांनी रंगवलेली गोष्ट. हाल मात्र खरे होते. काही वर्षांतच सुलतानाने लोकांना परतायची मुभा दिली. पण सगळे परतले नाहीत, आणि प्रयोगाचा खरा परिणाम तिथे आहे. बुऱ्हानुद्दीन गरीबसारखे सूफी इथेच राहिले, शेजारचे खुलताबाद त्यांच्या दर्ग्यांमुळे वसले. उत्तरेची बोली बोलणारी वस्ती दख्खनमध्ये रुजली आणि दखनीला, म्हणजे उर्दूच्या दख्खनी रूपाला, तिथून जोर मिळाला.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याच काळात इथे येऊन गेला. वर जायला चामड्याची शिडी आहे आणि ती रात्री ओढून घेतात, असे तो सांगतो. किल्ल्यातल्या तळघरांत कैदी ठेवत. तिथले उंदीर मांजरांपेक्षा मोठे, मांजरेच त्यांना पाहून पळतात, असेही त्याने ऐकून लिहून ठेवले आहे. कैदखाना म्हणून या डोंगराची कीर्ती तेव्हापासूनची.

चामड्याची शिडी तुघलकाच्या उपयोगी पडली नाही. ज्यांना पहाऱ्यावर ठेवले होते तेच उलटले. दख्खनच्या अमीरांनी बंड केले, दौलताबाद घेतले, आणि ऑगस्ट १३४७ मध्ये हसन गंगूने अलाउद्दीन बहमनशहा म्हणून इथेच राज्याभिषेक करून घेतला. गंमत अशी की त्याने लगेच राजधानी गुलबर्ग्याला नेली. मध्यवर्ती असणे तुघलकाला हवे होते; बहमनींना दिल्लीपासून लांब असणे महत्त्वाचे वाटले. दौलताबाद उत्तरेच्या सीमेवरचे ठाणे झाले. पंधराव्या शतकातला चांदमिनार ही त्यांची मोठी खूण.

बहमनी मोडल्यावर किल्ला मलिक वजीह आणि मलिक अशरफ या दोघा भावांकडे होता. जुन्नरहून स्वतंत्र झालेल्या अहमद निजामशहाने आपली बहीण वजीहला दिली होती. अशरफने वजीहला मारले. अहमदला निमित्त मिळाले. त्याने वेढा घातला आणि त्यात काही साधले नाही. मग त्याने वेगळा मार्ग धरला: सुगीच्या वेळी येऊन दौलताबादची पिके उद्ध्वस्त करायची आणि निघून जायचे. त्यासाठी जुन्नर आणि दौलताबादच्या मध्ये तळ हवा, म्हणून जागा निवडली गेली, आणि तिथे अहमदनगर उभे राहिले. एका शहराच्या जन्माचे कारण दुसऱ्याचा न पडणारा किल्ला, असे उदाहरण मला तरी दुसरे आठवत नाही. १४९९ मध्ये अशरफ मेला आणि आतल्या शिबंदीने किल्ल्या अहमदकडे पोचवल्या.

निजामशाहीचे सव्वाशे वर्ष मराठी वाचकाला सर्वांत जवळचे. पैठणचा पोरवयाचा एकनाथ गुरूच्या शोधात आला तो याच किल्ल्यावर, कारण जनार्दनस्वामी इथे निजामशाहीच्या चाकरीत अधिकारी होते. त्यांची समाधी गडावर आहे. दत्तभक्त मराठी ब्राह्मण मुसलमान सुलतानाचा किल्ला सांभाळतो आणि फावल्या वेळात शिष्याला ज्ञानेश्वरी समजावतो, यात त्या काळच्या कुणाला काही विचित्र वाटले असेल असे दिसत नाही.

१६०० मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतल्यावर मलिक अंबरने निजामशाही जिवंत ठेवली आणि पुढे तिची गादी दौलताबादला आणली. बाहेरच्या तटाला आजही अंबरकोट म्हणतात. १६१० मध्ये त्याने शेजारी खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद. अंबर १६२६ मध्ये वारला आणि तीन वर्षांत किल्ल्याच्या आत ती घटना घडली जिचे पडसाद पुण्यापर्यंत उमटले. जुलै १६२९ मध्ये दुसऱ्या मुर्तझा निजामशहाने सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांना दरबारात बोलावून मुला-नातवांसह मारले. हे जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानत. म्हणजे पूर्वजांच्या राजधानीतच त्यांचा घात झाला. लखुजींची मुलगी जिजाबाई, आणि पुढच्याच फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला.

निजामशाहीत मग काही धड राहिले नाही. अंबरचा मुलगा फत्तेखान याने मुर्तझालाच संपवून एक लहान मूल गादीवर बसवले. कधी मोगलांशी, कधी विजापूरशी बोलणी चालवली. १६३३ मध्ये मोगल सेनापती महाबतखानाने वेढा घातला. हा वेढा मात्र खरोखरीची लढाई होती. सुरुंग लावून अंबरकोट फोडला गेला, मग त्याच्या आतला महाकोट. बालेकिल्ला तरीही तसाच. विजापूरकरांनी आत धान्य पोचवायचा प्रयत्न केला, मोगलांनी तो हाणून पाडला. देशात नुकताच मोठा दुष्काळ होऊन गेलेला, किल्ल्यात उपासमार सुरू झालेली. साधारण साडेतीन महिन्यांनी, जूनमध्ये, फत्तेखानाने अटी ठरवून किल्ला दिला. मूल सुलतान ग्वाल्हेरच्या तुरुंगात गेला. शहाजीराजांनी पेमगिरीवर दुसरा निजामशहा बसवून राज्य आणखी तीन वर्षे ओढले, पण दौलताबाद गेल्यावर त्यात दम उरला नव्हता.

मोगलांनी वर बारादरी बांधली, बुरुजावर मेंढ्याच्या तोंडाची तोफ चढवली, आणि किल्ल्याचा मुख्य उपयोग पुन्हा तुरुंग म्हणूनच केला. गोवळकोंड्याचा अबुल हसन तानाशहा १६८७ नंतर मरेपर्यंत निळ्या फरशांच्या चिनी महालात कैदेत होता. शिवाजी महाराजांकडे हा किल्ला कधी आला नाही, पण तो त्यांच्या काळच्या लोकांच्या नजरेत मापाचा दगड होता: रायगड राजधानी निवडताना त्यांनी दौलताबादशी तुलना केली, तो चांगला खरा पण उंचीने कमी, असे सभासद बखर सांगते.

अठराव्या शतकात किल्ला हैदराबादच्या निजामाकडे गेला आणि लढाईपेक्षा तहनाम्यांतच जास्त फिरला. १७५८ मध्ये फ्रेंच सेनानी बुसीने आतून संधान बांधून तो मिळवला, पण त्याचा वरिष्ठ लाली याचे बोलावणे आल्यावर त्याला दख्खन सोडावी लागली. उदगीरला निजामावर मिळवलेल्या विजयानंतर १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी तहात तो घेतला. पानिपतानंतर आणि राघोबादादांच्या घरभांडणात तो टिकला नाही. १७९५ मध्ये खर्ड्याच्या तहात निजामाने तो पुन्हा मराठ्यांना लिहून दिला, आणि पुढच्याच वर्षी पुण्याच्या गादीच्या भांडणात निजामाची मदत मिळावी म्हणून खर्ड्याची बरीच कमाई सोडली गेली. पेशव्यांनी दोनदा रणांगणात जिंकून दोनदा घरात घालवलेला किल्ला, अशी त्याची नोंद करावी लागेल.

नंतरची दीडशे वर्षे तो निजामाकडे निवांत होता, कारण तोवर तोफखान्याने आणि इंग्रजांच्या तैनाती फौजेने डोंगरी किल्ल्यांची किंमतच घालवली होती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात सामील झाले. त्यानंतर मुबारकशहाच्या मशिदीत भारतमातेची मूर्ती बसवली गेली आणि आज पाटीवर भारतमाता मंदिर असेच लिहिलेले असते. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. तिकीट काढून आत जाता येते. अंधारीत शिरताना सोबत विजेरी ठेवावी, वटवाघळांची सवय नसेल तर नाकाला रुमालही.