अॅल्युमिनियमवरचे खड्डे आणि फटीग: मुंबईत चाचणीसाठी नमुना कसा द्यावा

परवा ससून डॉककडून बोटीच्या पत्र्याचा तुकडा आमच्या लॅबच्या खिडकीवर आला, अगदी चकचकीत. आणणाऱ्याने काळजीपोटी तारेचा ब्रश मारला होता आणि गंजाने पडलेल्या खड्ड्यांच्या कडा त्यातच गेल्या. म्हणून अर्जाआधीच सांगते: नमुना घासू नका. गंजाची पांढरी भुकटी तशीच ठेवून, पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून आणा. ती भुकटी लॅबमध्ये तीव्र नायट्रिक आम्लाने काढतात, 1 ते 5 मिनिटांत.

अर्ज कारखानदार, फॅब्रिकेटर, बोटमालक कुणीही करू शकतो. विद्यार्थ्यांनी मार्गदर्शकांचं पत्र जोडावं. लॅबकडे एनएबीएलचं (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) प्रमाणपत्र आहे एवढ्यावर थांबू नका, त्याचा स्कोप, म्हणजे मान्यता असलेल्या चाचण्यांची यादी, वाचा. खड्ड्यांसाठी एएसटीएम जी46 किंवा आयएसओ 11463, फटीगसाठी (पुन्हापुन्हा चढणाऱ्या-उतरणाऱ्या भाराने धातूला येणारा थकवा) एएसटीएम ई466 हे मानकांचे क्रमांक तिथे शोधा.

सोबत लेटरहेडवरचं विनंतीपत्र, जीएसटी क्रमांक, पत्रा बनवणाऱ्या मिलचं टेस्ट सर्टिफिकेट (मिश्रधातू 5083 की 6061, टेंपर म्हणजे कडकपणाची अवस्था कोणती) आणि रोलिंगची दिशा बाणाने दाखवलेलं रेखाचित्र द्या.

खरी मेख विनंतीपत्रात असते. ‘गंज तपासावा’ एवढंच लिहिलं, तर वजनातली घट मोजून मिळू शकते. वजन जेमतेम घटलेलं असतं आणि एखादा खड्डा आरपार गेलेला असतो! ‘सर्वांत खोल खड्डा आणि सर्वांत खोल दहांची सरासरी’ असं स्पष्ट मागा. सूक्ष्मदर्शक आधी कडेवर, मग तळावर फोकस करतात. दोन वाचनांतला फरक म्हणजे खोली. तोंड लहान आणि आत पसरलेला खड्डा असा मोजता येत नाही, पत्रा कापावा लागतो. त्याची लेखी परवानगी आधीच द्या.

फटीगचा तडा बहुतेकदा खड्ड्याच्या तळाशी सुरू होतो, कारण ताण तिथे एकवटतो. एका तुकड्यावरून आयुष्य कळत नाही. किती ताणाला किती आवर्तनं (भाराच्या फेऱ्या) टिकतात याच्या प्राथमिक आलेखालाही 6 ते 12 नमुने लागतात, आणि तुलनेसाठी त्याच पत्र्याचे न गंजलेले तितकेच. अॅल्युमिनियमला पोलादासारखी ठाम सहनमर्यादा (जिच्याखालच्या ताणाने तुकडा तुटतच नाही अशी पातळी) नसते, म्हणून किती आवर्तनांपर्यंत चाचणी हवी (उदाहरणार्थ 1 कोटी) तेही लिहा.

कोटेशनवर 18 टक्के जीएसटी लागतो. तुटलेले तुकडे परत हवे असतील तर अर्जातच नोंदवा. मिळाल्यावर दोन्ही बाजू जुळवून पाहू नका, घासल्याने तड्याच्या खुणा पुसल्या जातात. वेगवेगळ्या पाकिटांत ठेवा.