अवंतीचे तेवीस द्रोण

बाटलीचं तोंड कापून उलटं आत बसवायचं, बाहेरून पट्टी चिकटवायची आणि बाटली गच्चीवर उघड्यावर ठेवायची. मुलांच्या पर्जन्यमापकाची कृती एवढीच. रामबागेत किंवा राजेंद्रनगरात हा उद्योग करणाऱ्या इंदूरकरांनी मात्र त्याचं मूळ युरोपात शोधू नये. पाऊस मोजण्याच्या जगातल्या फार जुन्या नोंदींत आपल्या माळव्याचा आकडा आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारात एक अरत्नी, म्हणजे साधारण हातभर रुंद तोंडाचं कुंड ठेवायला सांगितलंय. पुढे शेती पाहणाऱ्या सीताध्यक्षाच्या प्रकरणात प्रदेशवार पाऊस येतो: कोरड्या जांगल मुलखात १६ द्रोण (द्रोण हे त्या काळचं एक माप), अवंतीत २३ आणि अपरांतात ‘अमित’. अवंती म्हणजे आपला उज्जैन-इंदूरचा पट्टा, अपरांत म्हणजे कोकण. तिथल्या पावसापुढे मोजणाऱ्यांनी हात टेकले, हे मूळच्या कोकणस्थ घरांना लगेच पटेल! ही मोजणी हौसेची नव्हती. पाऊस पाहून कुठे काय पेरायचं ते ठरत असे. सहाव्या शतकात अवंतीच्याच वराहमिहिरानेही हातभर रुंदीचं कुंड सांगितलं आणि ५० पलांचा (पल हे जुनं वजन) एक आढक, म्हणजे पाण्याचं एक माप, धरला.

हे दोघेही पाण्याचं माप काढत होते, खोली नव्हे. म्हणून कुंडाचं तोंड ठरलेलंच हवं. मोठं घेतलं की पाणी जास्त भरणार. कोरियात १४४१-४२च्या सुमारास राजा सेजोंगच्या काळात नळकांडी भांडी आली आणि त्यांत खोली मोजली जाऊ लागली. भिंती सरळ असल्या की तोंड लहान-मोठं असल्याने खोलीत फरक पडत नाही. आपली बाटली याच जातीची.

अडचण येते ती तळाशी. कोल्ड्रिंकच्या बाटलीचा बूड पाकळ्यापाकळ्यांचा, त्यामुळे तिथली पट्टी खोटं सांगते. खडे टाकून बाटली जिथे सरळ होते तिथपर्यंत पाणी भरायचं आणि तीच शून्याची रेघ धरायची. खड्यांनी बाटली वाऱ्यात लवंडतही नाही. वरचा भागही सरळ भिंतीवरच कापायचा. उलट्या तोंडामुळे बाष्पीभवन कमी होतं.

बरणीवर फुगा ताणून त्यावर स्ट्रॉ चिकटवली की वायुभारमापक होतो, पण तो हवेच्या दाबाइतकाच खोलीच्या उकाड्यानेही हलतो. इटलीच्या टोरिचेलीने १६४३मध्ये नळीतल्या पाऱ्याच्या उंचीवरून हवेचा दाब दाखवणारा प्रयोग मांडला. समुद्रसपाटीला ७६ सेंटीमीटर चढणारा पारा साडेपाचशे मीटर उंचीवरच्या इंदुरात ७१च्या आसपासच थांबेल.

भारतीय हवामान विभाग १८७५मध्ये सुरू झाला. यंत्रं बराच काळ विलायतेतून येत. ती इथेच बनवून प्रमाणित करण्याचं मोठं काम स्वातंत्र्यानंतर पुण्यात हवामानशास्त्रज्ञ अण्णा मणी यांनी केलं. विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असा असतो. पेपरातल्या आकड्याशी ताळा करायचा तर मुलांनीही हीच वेळ पाळावी. तरी आकडे जुळतीलच असं नाही. वेधशाळा विमानतळावर आहे आणि जुलैतली सर अर्धं शहर कोरडं ठेवून जाते. शाळा सकाळची असेल तर नोंद आजोबांकडे सोपवावी. ते इंचांतच सांगतील, त्याला २५.४ने गुणलं की मिलिमीटर.