रेतनानंतर गावचा वळू दाखवू नका

गाय उलटली, म्हणजे रेतन करूनही पुन्हा माजावर आली, की बहुतेक पशुपालक आम्हा कृत्रिम रेतन करणाऱ्यांना विचारतात, ‘कांडीत (गोठवलेल्या वीर्याच्या नळीत) जंतू होते का?’ थोडे असतातच. कोणत्याही वळूचे वीर्य पूर्ण निर्जंतुक नसते; कातडीवरचे, केसांतले, शेणामातीचे जंतू त्यात मिसळतात. ते वाढले तर वीर्यातली साखर संपवतात, आम्ल आणि विषारी द्रव्ये सोडतात. मग शुक्राणू एकमेकांना चिकटतात, हालचाल मंदावते. कांड्या साठवायच्या उणे १९६ अंशांच्या द्रवनत्रातही (द्रव नायट्रोजनमध्येही) सगळे जंतू मरत नाहीत, फक्त थांबून राहतात. म्हणूनच गोठवण्याआधी रेतात अँटिबायोटिक घालतात, आणि एका मिलीलिटरमागे ५००० पेक्षा जास्त जंतू नियमात बसत नाहीत. आम्ही मान्यताप्राप्त रेत केंद्रांच्याच कांड्या ठेवतो. कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो, रेतनाआधी कांडी मागून घ्या आणि तो वाचा.

खरा घोटाळा दुसरीकडे होतो. रेतन झाल्यावर ‘खात्रीला’ म्हणून त्याच माजावर गावचा वळू दाखवला, म्हणजे गाईवर सोडला जातो. कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू वळूच्या शिश्नावरच्या कातडीच्या घड्यांत राहतो. वळू धट्टाकट्टा दिसतो, वीर्यही चांगले असते, गर्भ धरतोसुद्धा. पण गाईच्या गर्भाशयाला दाह होऊन कोवळा गर्भ मरतो. अशी गाय नेहमीसारखी २१ दिवसांनी न येता महिना-सव्वा महिन्याने, वेळी-अवेळी माजावर येते आणि तुमचे दोन-तीन माज हातचे जातात. ब्रुसेल्ला या दुसऱ्या जंतूने वळूचे वृषण सुजते, वीर्याची प्रत घसरते आणि जंतू वीर्यात उतरतो. लागण झालेली गाय बहुधा पाचव्या महिन्यानंतर गाभडते, म्हणजे तिचा गर्भपात होतो. हा रोग माणसालाही होतो, तेव्हा गाभडलेल्या गाईची वार उघड्या हाताने कधीच ओढू नका. केंद्रातल्या वळूंची या रोगांसाठी ठराविक काळाने तपासणी होते. गावच्या वळूची कोण करतो? शिवाय वासरू कोणाचे, हेही कळत नाही.

दुसऱ्या दिवशीही माज टिकला तर आम्हाला फोन करा. त्याच वळूची दुसरी कांडी भरू, तिचे फक्त कांडीचेच पैसे घेऊ.

आमचा माणूस वेळ लावतो, अशी तक्रार येते. गोठलेली कांडी वितळवायला ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद धरावीच लागते, तीही थर्मामीटर लावून. खिशात किंवा तळहातात चोळून चालत नाही. नंतर ती कोरडी पुसतो, कारण पाण्याचा थेंब आत गेला तर शुक्राणू मरतात. शीथ, म्हणजे रेतनाच्या नळीवरचे प्लास्टिकचे आवरण, दरवेळी नवी. गाईचे निरण (योनीचे बाहेरचे तोंड) कोरड्या कागदाने पुसतो. आम्ही यायच्या वेळी तुम्ही बादलीने पाणी मारू नका, शेणाचे पाणी ओघळून आत जाते.

बळस, म्हणजे माजावरच्या गाईचा चिकट स्राव, काचेसारखा स्वच्छ हवा. गढूळ असेल किंवा पुवाचे ठिपके दिसले तर आम्ही रेतन करत नाही, कितीही आग्रह केलात तरी. आधी पशुवैद्यकाकडून उपचार, मग पुढचा माज. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन; फोन मात्र माज दिसताच करा. तीन महिन्यांनी गर्भतपासणी आमच्याकडून, रेतनाच्या शुल्कातच.