अणुबॅटरी अवकाशात पाठवताना: जळू द्यायची का टिकवायची?

चांद्रयान-३ चा लँडर सप्टेंबर २०२३ मध्ये चंद्रावरची गारठवणारी रात्र संपल्यावर जागा झालाच नाही, तेव्हा कोल्हापुरात रंकाळ्याच्या कट्ट्यावरसुद्धा लोक विचारत होते की अणूवर चालणारा हीटर का नाही बसवला त्यात. हीटर त्या मोहिमेत होते, एकेक वॉटचे दोन, पण प्रॉपल्शन मॉड्यूलवर, म्हणजे लँडरला चंद्रापर्यंत नेणाऱ्या भागावर. असा हीटर काय किंवा अणुबॅटरी काय (किरणोत्सारी प्लुटोनियमच्या उष्णतेवर वीज करणारा डबा), ही वस्तू रॉकेटवर ठेवताना एवढं जपून का राहतात ते कळायला १९६४ मधली अमेरिका बघायला पाहिजे.

तेव्हाचा हिशोब असा होता की रॉकेट फसलंच तर प्लुटोनियम उंचावरच जळून धूळ व्हावं आणि पसरून पातळ व्हावं. २१ एप्रिल १९६४ ला अणुबॅटरीवर चालणारा त्यांचा ट्रान्झिट उपग्रह कक्षेत पोचला नाही आणि हिंदी महासागराच्या वर साधारण एक किलो प्लुटोनियम-२३८ तसंच जळून गेलं, म्हणजे डिझाइन ठरल्यासारखंच चाललं, आणि मला हेच सगळ्यात खटकतं. याचे अल्फा किरण कातडीतून आत जात नाहीत, धोका असतो तो बारीक कण श्वासातून फुप्फुसात गेला तर, आणि यांनी उपाय म्हणून नेमके बारीक कणच केले! ती धूळ पुढं जगभरच्या मातीत सापडली. प्रमाण कमी होतं, मान्य, पण ज्यांना कुणी विचारलंच नाही त्यांच्या वाट्याला ती का यावी?

मग धोरण उलटं झालं, काही झालं तरी प्लुटोनियमचा डबा फुटू द्यायचा नाही. धातूऐवजी सिरॅमिक ऑक्साइड आलं, पुढं त्यावर इरिडियमचं कवच आणि बाहेरून ग्राफाइट (आपल्या उद्यमनगरातल्या फाउंड्रीवाल्यांना ग्राफाइट किती उष्णता सोसतं ते सांगायला नको). १९६८ ला निंबस उपग्रहाचं रॉकेट उडाल्यावर लगेच नष्ट करावं लागलं, पण डबे समुद्रतळातून शाबूत काढले आणि इंधन पुढच्या उपग्रहात वापरलं. अपोलो १३ या चांद्रमोहिमेचा डबा १९७० ला टोंगाजवळच्या खोल समुद्रात गेला, गळती आढळली नाही.

१९९७ ला शनीकडे निघालेल्या कॅसिनी यानावर साधारण ३३ किलो प्लुटोनियम ऑक्साइड होतं, त्याविरुद्ध मोर्चे निघाले. त्या लोकांना अडाणी म्हणून उडवून लावलं गेलं ते चूकच, कारण उड्डाणापेक्षा त्यांचा खरा सवाल होता १९९९ मध्ये वेग घ्यायला यान पृथ्वीजवळून परत जाणार त्याचा, सेकंदाला १९ किलोमीटरच्या वेगानं ते वातावरणात घुसलं असतं तर थोडं इंधन बाहेर पडू शकतं हे सरकारी अहवालातच होतं. शक्यता दहा लाखांत एकापेक्षा कमी धरलेली, आणि यानाचा नेम आधी मुद्दाम पृथ्वीपासून लांब ठेवून शेवटी शेवटी जवळ आणला. १८ ऑगस्टला ते ११७० किलोमीटरवरून निघून गेलं.