वाफेच्या पोटात गार पाणी : थेट-संपर्क कंडेन्सरची पार्श्वभूमी

मार्टेन ट्रिवाल्ड या स्वीडिश अभियंत्याने १७३४ साली थॉमस न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनाची एक हकिकत लिहून ठेवली आहे. न्यूकोमेन सुरुवातीला सिलिंडरभोवती शिशाचं आवरण घालून त्यात गार पाणी सोडायचा, म्हणजे आतली वाफ बाहेरून थंड व्हायची. एका सिलिंडरच्या ओतकामात भोक राहिलं होतं आणि ते कथलाच्या डाखाने बुजवलं होतं. वाफेच्या उष्णतेने डाख वितळला, आवरणातलं पाणी आत घुसलं आणि आतल्या वाफेचं क्षणात पाणी झालं. पिस्टन इतक्या जोराने खाली आला की साखळी तुटली, सिलिंडरचा तळ फुटला आणि खालच्या लहान बॉयलरचं झाकण चेपलं. थेट-संपर्क कंडेन्सरची, म्हणजे वाफेत थेट गार पाणी मिसळून तिचं पाणी करणाऱ्या भांड्याची, गोष्ट या मोडतोडीपासून सुरू होते.

त्याआधी थॉमस सेव्हरीने १६९८ साली पेटंट घेतलेल्या पंपातही वाफ बाहेरून पाणी ओतूनच थंड केली जायची. बाहेरून थंड करायचं तर आधी धातूची भिंत थंड व्हावी लागते, मग भिंतीवर पाण्याचा पातळ थर धरतो आणि पुढची सगळी उष्णता त्या थरातून जाते. पाणी थेट आत सोडलं की मधली भिंतच उरत नाही. वातावरणाच्या दाबाला एक किलो वाफ साधारण १.६७ घनमीटर जागा व्यापते, तिचं पाणी होतं एक लिटरच्या आसपास. एवढी जागा पापणी लवायच्या आत रिकामी होते आणि बाहेरच्या हवेचा दाब पिस्टनला खाली ढकलतो. १७१२ साली डडलीजवळ उभ्या राहिलेल्या न्यूकोमेनच्या इंजिनात गार पाण्याचा फवारा सिलिंडरमध्येच उडत होता आणि इंजिन मिनिटाला सुमारे १२ फेऱ्या मारत होतं.

जेम्स वॉटचं नाव या गोष्टीत नेहमी येतं. पण त्याच्या कामातला एक भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो सहसा सांगितला जात नाही. ग्लासगो विद्यापीठातलं न्यूकोमेन इंजिनाचं छोटं मॉडेल दुरुस्त करताना त्याच्या लक्षात आलं की बॉयलरची बहुतेक वाफ दर फेरीला गार पडलेला सिलिंडर पुन्हा तापवण्यातच संपते. मग त्याने किटलीतली वाफ नळीने गार पाण्यात सोडून मोजणी केली. वाफेच्या रूपात आलेलं पाणी आपल्या वजनाच्या जवळजवळ सहापट पाण्याला उकळीपर्यंत नेतं, हे पाहून तो चक्रावला. त्यामागची सुप्त उष्णतेची, म्हणजे तापमान न बदलता वाफेचं पाणी होताना सुटणाऱ्या उष्णतेची, कल्पना त्याला जोसेफ ब्लॅक या रसायनशास्त्रज्ञाकडून कळली. थेट-संपर्क कंडेन्सरचं पहिलं उष्णता-संतुलन म्हणायचं तर ते हेच. आजही डिझाइनची पहिली ओळ तीच असते : वाफेने सोडलेली उष्णता बरोबर पाण्याने घेतलेली उष्णता.

हा हिशोब प्रत्यक्षात कसा बसतो? कंडेन्सरमध्ये ०.१ बार निरपेक्ष दाब, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एक दशांश, ठेवायचा आहे असं धरू. त्या दाबाला वाफेचं तापमान ४५.८ अंश सेल्सिअस आणि सुप्त उष्णता किलोमागे सुमारे २३९२ किलोज्यूल. पाणी ३० अंशांवर आत येतं आणि ४२ अंशांवर बाहेर पडतं, म्हणजे एक किलो पाणी साधारण ५० किलोज्यूल घेऊन जातं. एक किलो वाफेला ४८ किलो पाणी लागलं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे दोनदा कामाला येणार आहे.

१७६५च्या मे महिन्यात ग्लासगो ग्रीन या मैदानावर फिरताना वॉटला सिलिंडर गरमच ठेवून वाफ दुसऱ्या भांड्यात थंड करण्याची, म्हणजे वेगळ्या कंडेन्सरची, कल्पना सुचली आणि १७६९ साली पेटंट मिळालं. त्याने आधी भिंतीतून थंड करणारी, नळ्यांची आणि पत्र्यांची रचना करून पाहिली होती. शेवटी इंजिनांत वापरला तो फवाऱ्याचाच कंडेन्सर, जोडीला हवा आणि पाणी उपसणारा पंप. बोल्टन आणि वॉट यांची कंपनी इंजिनाच्या मोबदल्यात वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा घ्यायची. एवढी मोठी बचत एका वेगळ्या भांड्यात उडणाऱ्या फवाऱ्याने झाली होती.

आता त्या फवाऱ्यातला एक थेंब जवळून पाहू. शुद्ध वाफेत थेंबाच्या पृष्ठभागावर वाफेचं पाणी व्हायला वेळ लागत नाही, पृष्ठभाग लगेच वाफेच्या तापमानाला येतो. वेळ लागतो तो उष्णता थेंबाच्या आत मुरायला. एक मिलिमीटर व्यासाचा थेंब आतून हलत नाही असं धरलं, तर ०.१७ सेकंदात तो शक्य त्या तापमानवाढीच्या जवळजवळ ८० टक्के मजल मारतो आणि ०.३ सेकंदात ९० टक्के. व्यास दुप्पट केला की वेळ चौपट. थेंबाला स्थिर अवस्थेतून एक मीटर खाली पडायला सुमारे ०.४५ सेकंद लागतात, तेव्हा एक मिलिमीटरचा थेंब मीटरभरात आपलं काम उरकतो. दोन मिलिमीटरचा थेंब तेवढ्या अंतरात अर्धाकच्चा राहतो. म्हणूनच जुन्या कंडेन्सरमध्ये भोकांचे ट्रे एकाखाली एक बसवत. प्रत्येक ट्रेवर पाणी गोळा होतं, ढवळलं जातं आणि नव्या पृष्ठभागासह पुन्हा वाफेत पडतं. थेंब फार बारीक केले तर तेही अडचणीचं, कारण ते वाहत्या हवेबरोबर पंपाकडे ओढले जातात आणि नोझलला जास्त दाब द्यावा लागतो.

उष्णता देण्याघेण्यात हा कंडेन्सर कधीच कमी पडला नाही. तो मागे पडला पाण्यामुळे.

जहाजांवर हे आधी दिसलं. फवाऱ्याला समुद्राचं पाणी, त्यातच वाफेचं गोड पाणी मिसळायचं आणि तेच खारट मिश्रण बॉयलरला परत जायचं. बॉयलरमध्ये मिठाचा थर साचू नये म्हणून गरम खारं पाणी ठरावीक वेळाने समुद्रात सोडून द्यावं लागे, त्याबरोबर कोळशाची उष्णताही जात होती. सॅम्युअल हॉलने १८३४ साली नळ्यांच्या कंडेन्सरचं पेटंट घेतलं. १८३८ साली अटलांटिक पार करणाऱ्या सिरियस या जहाजावर तो होता. पण त्या काळी सिलिंडरला वंगण म्हणून चरबी वापरत, ती वाफेबरोबर येऊन नळ्यांवर बसे, शिवाय नळ्यांचे सांधे गळत. १८६०च्या दशकापर्यंत नळ्यांच्या कंडेन्सरने जहाजांवर नीट पाय रोवले नव्हते. बॉयलरचा दाब वाढू लागला आणि खारं पाणी अजिबात चालेनासं झालं, तेव्हा फवाऱ्याचा कंडेन्सर जहाजांतून हद्दपार झाला. पुढे वीजनिर्मितीच्या टर्बाइनांनी त्याच कारणासाठी नळ्यांची वाट धरली.

साखर उद्योगात मात्र तो टिकला. एडवर्ड हॉवर्डने १८१३ साली व्हॅक्यूम पॅनचं, म्हणजे कमी दाबाखाली साखरेचा पाक उकळवणाऱ्या भांड्याचं, पेटंट घेतलं. नॉर्बर्ट रिलियो याने लुइझियानात १८४३ साली बहु-टप्पी बाष्पीभवनाची पद्धत पेटंट केली, ज्यात एका भांड्यातली वाफ पुढच्या भांड्यातला रस तापवते. शेवटच्या भांड्यातल्या वाफेचं काय करायचं? त्या वाफेचं पाणी बॉयलरला परत पाठवण्याची गरज नव्हती. त्यात रसाचे तुषार आले तरी नळ्या चिकट होण्याचा प्रश्न नव्हता, कारण नळ्याच नव्हत्या. पाणी मिसळू द्यायला काहीच हरकत नव्हती.

इथेच बॅरोमेट्रिक कंडेन्सर रुळला. वातावरणाचा दाब पाण्याचा १०.३ मीटर उंच स्तंभ पेलतो. कंडेन्सर त्याहून थोडा उंच बसवला आणि त्यातलं पाणी खाली नेणारा टेल पाइप खालच्या हॉट वेलमधल्या (गरम पाण्याच्या टाक्यातल्या) पाण्यात बुडवून ठेवला, की निर्वात न मोडता पाणी आपल्या वजनाने उतरतं. पाणी उपसायला पंप लागत नाही. जमिनीलगत बसवलेल्या जेट, म्हणजे फवाऱ्याच्या, कंडेन्सरमध्ये उपसा पंप बंद पडला तर पाणी चढत जाऊन इंजिनात शिरण्याची भीती असते, म्हणून तिथे निर्वात मोडणारा झडप बसवावा लागतो. बॅरोमेट्रिक रचनेत उंचीच रक्षण करते. अभियांत्रिकीत इतकी साधी आणि इतकी भरवशाची युक्ती क्वचित सापडते.

पाण्याखालोखालचा दुसरा शत्रू म्हणजे हवा. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या अभियंत्याने १८७३ साली हवा मिसळलेल्या वाफेवरचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि हवेचा अगदी थोडा अंशही थंड पृष्ठभागावरचं संघनन मंद करतो हे दाखवलं. कारण सरळ आहे. वाफ पृष्ठभागाकडे धावते आणि पाणी होते, तिच्याबरोबर आलेली हवा तिथेच अडकते आणि थर धरते. पुढच्या वाफेला त्या थरातून झिरपत जावं लागतं. ऑथमरच्या १९२९च्या प्रयोगांत अर्धा टक्का हवेने उष्णता-संक्रमण जवळजवळ निम्म्यावर आलं. नुसेल्टने १९१६ साली मांडलेला, थंड भिंतीवर धरणाऱ्या पाण्याच्या थराचा सिद्धांत शुद्ध वाफेसाठी होता, आणि या हवेच्या थराचं पद्धतशीर गणित कोलबर्न आणि होगन यांनी १९३४ साली मांडलं.

थेट-संपर्क कंडेन्सरला हवेचा त्रास जास्त होतो, कारण थंड करणारं पाणीच हवा घेऊन येतं. मघाच्या ४८ किलो पाण्यात साधारण एक ग्रॅम हवा विरघळलेली असते आणि निर्वातात तिच्यातली बहुतेक सुटते. किलोभर वाफेमागे एक ग्रॅम हे ऐकायला काहीच नाही, पण ०.१ बारला ही हवा पंपाला ओढून काढावी लागते. ती कुठून ओढायची यावर पंपाचा आकार ठरतो. हवा ४२ अंशांच्या गरम टोकाकडून काढली तर तिच्याबरोबर एवढी वाफ येते की एकूण ०.१ बारपैकी हवेच्या वाट्याला जेमतेम ०.०१८ बार दाब उरतो. पाणी वरून खाली आणि वाफ खालून वर अशी उलट्या दिशेची रचना केली, हवा ३२ अंशांच्या गार टोकाकडून काढली, तर तिच्या वाट्याला ०.०५२ बार येतो. तेवढीच हवा काढायला पंप एक तृतीयांश आकाराचा पुरतो. भांडं तेच, पाणी तेच, फक्त नळीचं तोंड कुठे आहे एवढाच फरक. नव्या डिझाइनरला मी सर्वात आधी हे गणित करायला लावेन.

विसाव्या शतकाच्या मध्यावर या कंडेन्सरला वीजकेंद्राची दारं पुन्हा उघडली ती हंगेरीच्या लास्लो हेलरने. त्याने पाण्याचा प्रश्न उलटा करून टाकला. थंड करणारं पाणी आणि बॉयलरचं पाणी मिसळल्याने घात होत असेल, तर थंड करणारं पाणीच बॉयलरच्या दर्जाचं ठेवायचं. म्हणजे कंडेन्सरमध्ये शुद्ध पाण्याचा फवारा मारायचा आणि तापलेलं पाणी हवेत उघडं पडणाऱ्या कूलिंग टॉवरऐवजी बंद नळ्यांतून हवेने थंड करून परत आणायचं. त्यासाठीच्या, बाहेरून पातळ पत्र्यांचे पंख असलेल्या नळ्या लास्लो फोर्गोने बनवल्या. ४८ किलोंचा आकडा इथे दुसऱ्यांदा येतो : फिरणाऱ्या पाण्यातला दोन टक्क्यांच्या आसपासचा वाटा बॉयलरला जातो, उरलेलं पाणी थंड व्हायला त्या बंद नळ्यांकडे. इंग्लंडमध्ये रजली इथे १२० मेगावॉटचा असा संच १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला चालू झाला. पाणी दुर्मीळ असलेल्या ठिकाणी ही पद्धत आजही विचारात घेतली जाते.

भूगर्भातल्या वाफेवर चालणाऱ्या केंद्रांना तर बॉयलरच नाही, त्यामुळे पाणी मिसळण्याची काळजी पहिल्यापासूनच नव्हती. न्यूझीलंडमधलं वायराकेई केंद्र १९५८ साली सुरू झालं, तिथल्या कंडेन्सरना वायकाटो नदीचं पाणी थेट मिळतं. कॅलिफोर्नियातल्या गीझर्स नावाच्या भूगर्भीय वाफेच्या क्षेत्रातला पहिला संच १९६० साली ११ मेगावॉटचा होता. पण जमिनीखालची वाफ कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड घेऊन येते. ट्रेमधल्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड विरघळायचा आणि कूलिंग टॉवरमधून हवेत सुटायचा. नियम कडक झाले तसे गीझर्सचे पुढचे संच नळ्यांच्या कंडेन्सरकडे वळले, जेणेकरून वायू एका नळीतून गोळा करून शुद्ध करता येईल.

१९९०च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने थेट-संपर्क कंडेन्सर सुधारून या वायूंचा प्रश्न सोडवण्यावर काम केलं. समुद्राच्या वरच्या आणि खोल पाण्यातल्या तापमानफरकावर वीज बनवण्याच्या प्रयोगांतून तिच्याकडे अनुभव होता. तिथे फरकच २० अंशांचा, त्यामुळे कंडेन्सरमध्ये एक अंश वाया गेलेलाही परवडत नाही. ट्रेऐवजी पन्हळी पत्र्यांचं पॅकिंग, म्हणजे पाणी ज्यावरून पसरत उतरतं असा भराव, वापरलं की पाणी पातळ थरात पसरतं, पृष्ठभाग भरपूर मिळतो आणि दाब फार घटत नाही. त्याच पद्धतीने गीझर्सच्या एका संचाचा कंडेन्सर बदलला गेला. पॅकिंगची उंची, पाण्याचं प्रमाण आणि वायू बाहेर काढण्याची जागा अशी ठरवावी लागते की वाफेचं पाणी व्हावं, पण हायड्रोजन सल्फाइड शक्यतो पाण्यात न जाता वायूबरोबरच बाहेर पडावा. त्यासाठी पॅकिंगच्या प्रत्येक पायरीवर पाण्याच्या थरात मुरणारी उष्णता, रेनॉल्ड्सने दाखवलेला वायूचा थर आणि वायूचं विरघळणं ही तिन्ही गणितं एकत्र सोडवावी लागतात.