रक्तपुनःप्रवाह इजा आणि हृदयपेशींचे संरक्षण

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी बंद पडून पुन्हा उघडली, की परत आलेल्या रक्तामुळेच हृदयपेशींना जी हानी पोहोचते तिला रक्तपुनःप्रवाह इजा म्हणतात. कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या धमन्या तपासून उघडतात त्या कक्षात, ‘रीपरफ्यूजन इंज्युरी’ हाच शब्द ऐकू येतो. म्हणून धमनी बंदच ठेवावी, असा अर्थ कोणी काढू नये. रक्ताविना स्नायू मरणारच आहे. धमनी उघडायची ती वेळेत, आणि उघडताना पेशी वाचवायच्या, असा हा दुहेरी पेच आहे.

खडकवासला धरणातून मुठा नदीत पाणी सोडताना विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवतात, हे पुणेकरांना ठाऊक असते. तरी नदीवरचा सखल भिडे पूल पाण्याखाली जायचा तो जातोच. उपमा इथवरच चालते, कारण हृदयातले मुख्य नुकसान प्रवाहाच्या जोराने होत नाही, रसायनांमुळे होते.

रक्त थांबले की पेशी प्राणवायूशिवाय ग्लुकोज वापरू लागते आणि तिच्यात आम्ल साचते. गंमत अशी, की ही आम्लताच तिला काही काळ तारते : पेशीसाठी ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिकांच्या (मायटोकॉन्ड्रियांच्या) पटलातले एक घातक छिद्र आम्लतेमुळे मिटलेले राहते. रक्त परतताच आम्ल धुऊन निघते. उरलेले हायड्रोजन आयन बाहेर टाकताना पेशी सोडियम आत घेते आणि ते सोडियम काढताना कॅल्शियम आत येते. त्याच वेळी रक्त थांबले असताना साचलेल्या सक्सिनेट या पदार्थाचे ज्वलन होऊन प्राणवायूची मुक्त मूलके, म्हणजे पेशीला इजा करणारे अतिक्रियाशील कण, उसळतात. कॅल्शियम आणि मूलके मिळून ते छिद्र उघडतात, ऊर्जानिर्मिती कोसळते, स्नायुतंतू प्रमाणाबाहेर आखडतात आणि पेशीचे आवरण फाटते. यातले बरेचसे पहिल्या काही मिनिटांतच घडते. अंतिम इजेपैकी जवळजवळ निम्मा वाटा या टप्प्याचा असू शकतो, असा अंदाज प्राण्यांवरील प्रयोगांतून मांडला गेला आहे.

सूक्ष्म रक्तवाहिन्याही यात सापडतात. त्या सुजतात, पांढऱ्या पेशी आणि गुठळीचे कण त्यांत अडकतात. मग अँजिओग्राफीत मोठी धमनी मोकळी दिसते, स्टेंट जागेवर असतो, पण स्नायूपर्यंत रक्त पोहोचतच नाही. नातेवाइकांना ‘ब्लॉकेज काढले’ हे समजते. पुढची गोष्ट समजावणे डॉक्टरांनाही जड जाते.

रक्त परतल्यावर पेशींचा नाश झपाट्याने दिसू लागतो, हे रॉबर्ट जेनिंग्ज आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये कुत्र्यांच्या हृदयात दाखवले. १९८६ मध्ये मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी आधी पाच-पाच मिनिटांसाठी चार वेळा धमनी दाबली आणि मग ४० मिनिटे बंद ठेवली; इजा तुलनेच्या गटाच्या सुमारे चतुर्थांशावर आली. थोडा त्रास सोसलेले हृदय मोठ्या संकटाला अधिक टिकते. पण हृदयविकाराचा झटका सांगून येत नसल्याने हा उपाय आधी करता येत नाही. २००३ मध्ये धमनी उघडल्यानंतर लगेच ३०-३० सेकंद प्रवाह थांबवून सोडण्याची पद्धत पुढे आली. त्याहून सोपा मार्ग म्हणजे दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून तो काही वेळा फुगवायचा आणि सोडायचा.

प्रयोगशाळेत हे सारे चालले, माणसांत मात्र निराशा आली. तंतुकणिकांतले ते छिद्र मिटवणाऱ्या सायक्लोस्पोरिन या औषधाने २००८ च्या छोट्या चाचणीत आशा दाखवली, २०१५ च्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. दंडाच्या पट्ट्याची २०१९ ची चाचणी तर ५,४०१ रुग्णांची होती. मृत्यू किंवा हृदयनिकामीपणा त्याने घटला नाही. प्रयोगातला प्राणी बहुधा तरुण आणि निरोगी, तर रुग्ण वयस्क, मधुमेही आणि आधीच अनेक गोळ्यांवर. मधुमेही हृदयात हे संरक्षण कमी पडते असे प्रयोगांत दिसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दिसायला सडपातळ पण चरबी जास्त असलेल्या भारतीय देहाचा जो मुद्दा मांडला, तो इथे आठवतो. आपल्याकडचा हृदयरुग्ण प्रयोगशाळेतल्या उंदरासारखा नसतो.

त्यामुळे आज सर्वांत भरवशाचे संरक्षण म्हणजे वेळ. जुन्नर किंवा भोरहून निघालेल्या रुग्णाला शहरातल्या कॅथलॅबपर्यंत वेळेत पोहोचवता येणार नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या रुग्णालयात देऊन मग पुढे पाठवणे योग्य ठरते. शहरातही छातीतली कळ ‘गॅस असेल’ म्हणून रात्रभर अंगावर काढली, तर १०८ ची रुग्णवाहिका कितीही वेगाने आली तरी गेलेले तास परत येत नाहीत.

शस्त्रक्रियेत मात्र रक्त थांबण्याची वेळ आधीच ठरलेली असते, त्यामुळे संरक्षणाची तयारीही आधी करता येते. पोटॅशियमयुक्त, बहुधा थंड द्रावण देऊन हृदय शिथिल अवस्थेत थांबवतात. मेलरोज यांनी १९५५ मध्ये ही कल्पना मांडली. रोपणासाठी काढलेले हृदयही असेच थंड ठेवतात आणि ते साधारण चार तासांत नव्या छातीत धडधडू लागावे लागते. पुणे-मुंबई रस्त्यावर पोलीस वाहतूक थांबवून ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे रुग्णवाहिकेसाठी मोकळा मार्ग, करतात तो याच घड्याळासाठी.