नाटकगृह गेलं, पिला हाऊस राहिलं

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरा आणि टॅक्सीवाल्याला ‘मौलाना शौकत अली रोड’ सांगून बघा. तो आधी तुमच्या तोंडाकडे बघेल. ‘पठ्ठे बापूराव मार्ग’ म्हणालात तर बाजूच्या टॅक्सीवाल्याला विचारेल. ‘पिला हाऊस’ म्हटलं की मीटर टाकून मोकळा.

नव्या माणसाला वाटतं, तिथे एखादं पिवळं घर असणार. तसं काही नाही. मूळ शब्द ‘प्ले हाऊस’. आपल्या जिभेला शब्दाच्या सुरुवातीचं जोडाक्षर जड जातं, म्हणून ग्लासचा गिलास होतो, स्कूलचं इस्कूल होतं, तसंच प्ले हाऊसचं पिला हाऊस झालं. हे नाव कुठल्या समितीने सुचवलं नाही, कुठल्या सभागृहाने मंजूर केलं नाही. मुंबईतल्या पहिल्या भरगच्च करमणूकवस्तीचं बारसं तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांनीच केलं.

सरकारी नावं मात्र आधीपासून होती. रॉबर्ट ग्रँट 1835 ते 1838 मुंबईचे गव्हर्नर होते आणि पदावर असतानाच दापोडीला वारले. पुढच्या काही वर्षांत झालेल्या रस्त्याला त्यांचं नाव मिळालं. त्याला येऊन मिळणारा फॉकलंड रोड 1848 ते 1853 या काळातले गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड यांच्या नावाचा. लॅमिंग्टन रोडही विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या गव्हर्नरचाच. गव्हर्नर बदलला की रस्ता त्याच्या नावावर, असा तो रिवाज. त्यातल्या एकाचाही नाटकाशी संबंध असण्याची गरज नव्हती.

नाटकाशी संबंध आणला तो नाना शंकरशेट यांनी. किल्ल्यातल्या, म्हणजे आजच्या फोर्टमधल्या, बॉम्बे ग्रीन या मैदानावर 1776 सालचं एक इंग्रजी थिएटर होतं. ते कर्जात बुडालं आणि विकलं गेलं. नवं थिएटर हवं अशी मागणी झाली, तेव्हा नानांनी ग्रँट रोडवरची आपली जागा दिली. 1846 मध्ये तिथे थिएटर उभं राहिलं. ग्रँट रोड थिएटर हे त्याचं नाव, पण शंकरशेटांचं थिएटर म्हणूनही ते ओळखलं जाई.

मराठीत अशा इमारतीला तेव्हा रुळलेला शब्दच नव्हता. ‘नाटकशाळा’ हा शब्द होता, पण पेशवाईपासून त्याचा अर्थ नाचणारी, पदरी ठेवलेली बाई असा होता. ‘आज नाटकशाळेत जातो’ असं घरी सांगून कोण बाहेर पडणार? इंग्रजी ‘प्ले हाऊस’ पटकन उचललं गेलं त्यामागे ही अडचणही असेल, असं मला आपलं वाटतं.

किल्ल्यातल्या साहेबांना हे थिएटर गैरसोयीचं पडलं. बग्गीने यायचं म्हणजे लांबचा पल्ला, आणि शेजार त्यांना रुचणारा नाही. इंग्रजी खेळांना गर्दी होईना. जागा रिकामी राहू लागली आणि भाड्याने मिळू लागली. माझ्या मते पिला हाऊसची खरी सुरुवात इथे आहे. सांगलीला 1843 मध्ये ‘सीतास्वयंवरा’चा खेळ केलेले विष्णुदास भावे आपली मंडळी घेऊन मुंबईला आले आणि 1853 मध्ये याच ग्रँट रोड थिएटरात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. राजाश्रयावर वाढलेलं नाटक इथे गल्ल्यावर जगायला शिकलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात पारशी नाटक मंडळीही तिथे उतरली. साहेबांनी साहेबांसाठी मागितलेली इमारत सात वर्षांत मराठी, गुजराती आणि हिंदुस्तानी बोलणाऱ्यांची झाली.

पुढचं सगळं भराभर घडलं. बीबीसीआय रेल्वे (आजची पश्चिम रेल्वे) मुंबईत आली तेव्हा सुरुवातीला ग्रँट रोड हेच तिचं शेवटचं स्टेशन होतं, म्हणजे गाडीतून उतरलेला माणूस थेट थिएटरांच्या दारात. 1868 मध्ये व्हिक्टोरिया नाटक मंडळी निघाली आणि तिने आपलं थिएटर याच भागात बांधलं. मग एल्फिन्स्टन, रिपन आणि आणखी कितीतरी. एका थिएटराची ओळख असलेला शब्द सगळ्या पट्ट्याचा झाला. ‘प्ले हाऊसला जाऊ’ म्हणजे कुठल्या थिएटरात, हे विचारायचं कारण उरलं नाही. पडदे, दिवे, पेटीचे सूर, सोडा-लेमनच्या गाड्या, सगळं मिळून एकच पिला हाऊस.

शेजारी कामाठीपुरा होता. हैदराबादच्या निजामाच्या मुलखातून बांधकामाला आलेल्या कामाठी मजुरांची ही वस्ती. तेही नाव कुणी ठेवलेलं नाही, राहणाऱ्यांवरून पडलेलं. पुढे तिथे आणि फॉकलंड रोडवर वेश्यावस्ती पसरली आणि पिला हाऊसच्या नावाला दुसराच वास चिकटला. नाव उच्चारताना सभ्य माणूस आवाज खाली आणू लागला.

नाव ठरवून ठेवलं तर काय होतं, याचं उदाहरण टोकियोत आहे. शिंजुकूजवळचा त्सुनोहाझू हा भाग महायुद्धात बाँबखाली बेचिराख झाला. स्थानिक मंडळाचे प्रमुख सुझुकी किहेई यांनी ठरवलं की नवी वस्ती करमणुकीची करायची आणि मधोमध काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकाराचं नाट्यगृह बांधायचं. नगररचनाकार इशिकावा हिदेआकी यांनी त्यावरूनच नाव सुचवलं काबुकिचो, म्हणजे काबुकीची पेठ म्हणा. 1 एप्रिल 1948 पासून ते अधिकृत झालं. नाट्यगृह मात्र झालंच नाही. युद्धानंतर बांधकामावर निर्बंध होते आणि पैशांची चणचण होती. आज काबुकिचो म्हटलं की दारूचे बार, निऑनचे दिवे आणि रात्रभर जागणाऱ्या गल्ल्या आठवतात. तिकडे इमारतीआधी नाव आलं आणि इमारत राहून गेली. आपल्याकडे इमारत आधी आली, नाव मागून पडलं, आणि शंकरशेटांचं ते थिएटर गेलं तरी नाव हललं नाही.

याच परिसरात वरून ठेवलेलं नाव रुळल्याचंही एक उदाहरण आहे, ते म्हणजे ऑपेरा हाऊस. चर्नी रोडजवळच्या या रॉयल ऑपेरा हाऊसचं उद्घाटन पाचव्या जॉर्जने 1911 मध्ये केलं, तेही काम पुरं व्हायच्या आत. तिथे ऑपेरा किती झाले हा प्रश्नच आहे. पुढे ते सिनेमाघर झालं, 1990 च्या दशकात बंद पडलं आणि दुरुस्तीनंतर 2016 मध्ये पुन्हा उघडलं. पण या सगळ्या काळात ‘ऑपेरा हाऊस’ म्हणजे हिऱ्यांच्या बाजाराचा चौक, हेच लोकांना ठाऊक होतं.

बोलपटांचा जमाना आला तसं पिला हाऊस बदललं. मार्च 1931 मध्ये गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि नाटकाच्या थिएटरांना पडद्याची घाई झाली. जुनी रंगमंचं टॉकीज बनली. रिपनचं आल्फ्रेड झालं. शेजारी रोशन, गुलशन, निशात. हाताने रंगवलेली पोस्टरं, कुठल्या तरी जुन्या मारधाडपटाचा चौथा-पाचवा फेरा, आणि स्वस्त तिकीट काढून दुपारभर पंख्याखाली झोपणारे हमाल. तिथेही ‘प्ले’ उरलं नव्हतं, ‘हाऊस’ तेवढं होतं.

स्वातंत्र्यानंतर महापालिकेने गव्हर्नर उतरवायला घेतले. ग्रँट रोड मौलाना शौकत अलींचा झाला, लॅमिंग्टन रोड डॉ. दादासाहेब भडकमकरांचा, फोरास रोड आर. एस. निमकरांचा. नगरसेवकाने प्रस्ताव द्यायचा, सभागृहाने मंजूर करायचा आणि निळी पाटी लागायची. यातलं बरंचसं ठोकळेबाज होतं, हे मान्य. पण फॉकलंड रोडला ‘पठ्ठे बापूराव’ नाव देताना कुणाच्या तरी डोक्यात नेमका प्रकाश पडला होता. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्माने ब्राह्मण. गावकी, घर, जात सोडून ते तमाशात आले आणि पठ्ठे बापूराव झाले. तमाशातली नर्तकी पवळा हिच्याबरोबर त्यांचा फड मुंबईत गाजला. या शहरावर त्यांनी लावणी रचली. 1945 मध्ये ते गेले तेव्हा हलाखीत होते. मुंबईच्या करमणूकवस्तीला नाव द्यायचं तर याहून योग्य माणूस कुठला? अख्ख्या गव्हर्नरांच्या यादीत तमाशाचं तिकीट काढलेला एक तरी निघाला असता का!

आणि तरीही ते नाव तोंडात बसलं नाही. कारण साधं आहे. रस्त्याला नाव देता येतं. पिला हाऊस हा रस्ता नव्हताच, ती गर्दी होती. तिला हद्द नव्हती, त्यामुळे तिची पाटी बदलण्याची सोयही नव्हती. अलीकडे लोअर परळला बिल्डर ‘अप्पर वरळी’ म्हणू लागले तेव्हा असंच झालं. ब्रोशरवर ते दिसतं, पण लोकल लोअर परळलाच थांबते. उलट फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला तेव्हा मालकांनी शहाणपणाने जुनंच नाव ठेवलं. गिरणी बंद पडून जमाना झाला, ‘फिनिक्सला भेटू’ मात्र चालू आहे.

तिथल्या एखाद्या दुकानाचं बिल हातात आलं तर पत्ता नीट वाचा. पहिल्या ओळीत गाळा नंबर आणि इमारत. दुसऱ्या ओळीत ‘पठ्ठे बापूराव मार्ग’, कंसात ‘फॉकलंड रोड’. आणि तिसऱ्या ओळीत, कुरिअरवाला चुकू नये म्हणून, ‘पिला हाऊसजवळ’.